किताबवाल्या बाईंची सावली

पुस्तकं वाचणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली, पण पुस्तकातच बिऱ्हाड थाटून तिथून रोज अकराच्या ठोक्याला शाळेत शिकवायला येणारी बाई मी एकच पाहिली. त्या आमच्या शाळेतल्या थोरल्या बाई. बऱ्हाणपुरातली ती मुलींची मराठी शाळा अगदी लहान होती. पाच वर्ग, पाच बाया आणि गळणारं एक कौलारू छप्पर. पाचांत मी सगळ्यांत नवी, म्हणून शाळा मला ‘धाकट्या बाई’ म्हणायची, त्यांना ‘थोरल्या बाई’ म्हणायची आणि मधल्या तिघींना त्या ज्या वर्गाला शिकवायच्या त्या वर्गाच्या नावाने ओळखायची. थोरल्या बाई अंगाने किरकोळ, नऊवारी लुगडं कायम घोट्याच्या वर, चष्म्याची एक काडी कधीकाळी मोडलेली आणि तिच्या जागी कानाला गुंडाळलेला काळा दोरा. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवरा गेला. सासरच्यांनी माहेरी पाठवलं, माहेरच्यांनी ट्रेनिंगला पाठवलं, ट्रेनिंगवाल्यांनी शाळेत पाठवलं आणि शाळेने मात्र त्यांना पुढे कुठेच पाठवलं नाही. सिंधीपुऱ्यात त्यांची एक खोली होती, पण ती पाठ टेकण्यापुरती. घर म्हणजे शाळाच. दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा त्या एखादी चक्कर मारून शाळेचं कुलूप ओढून बघून यायच्या.

आणि या घरात त्यांनी आणखी एक घर वसवलं होतं, ते म्हणजे हिंदीतली सोळा भागांची एक अचाट कादंबरी. झालं असं की, एकदा खंडव्याहून येताना त्यांची गाडी चांदनी स्टेशनात तीन तास अडकली. बाई पाणी मागायला स्टेशनमास्तरांच्या क्वार्टरमध्ये गेल्या. मास्तरांची बायको उत्तरेकडची, तिला सगळे पंडिताइन म्हणायचे. तिने लग्नात भांड्यांच्या पेटीऐवजी पुस्तकांची पेटी आणली होती. बाईंनी पाणी पिता पिता पहिला भाग उघडला आणि तीन तास अडकलेली गाडी सुटून गेली तरी त्यांना पत्ता लागला नाही. संध्याकाळच्या गाडीने त्या परतल्या त्या पहिला भाग काखोटीला मारूनच. तेव्हापासून दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी पॅसेंजरने चांदनीला जायचं, झालेला भाग परत द्यायचा आणि पुढचा आणायचा, हा त्यांचा नेम होऊन बसला. एकेक भाग त्या तीनदा वाचायच्या. एकदा घाईने, एकदा सावकाश आणि एकदा, त्यांच्याच शब्दांत, “सुमेरला सावध करायला.” सुमेर हा त्या कादंबरीचा नायक. पंधरावा भाग झाला की पुन्हा पहिला. सोळावा बहुधा पंडिताइनकडेही नसावा, असं आम्ही धरून चाललो होतो. कादंबरीचं नाव मला आजही ठाऊक नाही, कारण पहिल्या भागाचं कव्हर उंदरांनी नेलं होतं आणि पुढच्या भागांवर नुसतं ‘भाग दूसरा’, ‘भाग तीसरा’ एवढंच छापलेलं होतं.

कथा थोडक्यात सांगते. थोरल्या बाईंनी हे ‘थोडक्यात’ ऐकलं असतं तर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नसत्या. विंध्याच्या पोटात धूम्रगड नावाचं एक विद्यापीठ असतं. तिथे चाळीस विद्यार्थी मायावी विद्या शिकायला येतात. दर पौर्णिमेला परीक्षा होते आणि जो शेवटचा येईल त्याची सावली आचार्य वज्रकंठ चांदीच्या कात्रीने कापून घेतात आणि गडाच्या दारावर टांगतात. सावली गेलेला माणूस जिवंत राहतो, खातोपितो, पण रस्त्यात त्याला कुणी ओळखत नाही, सख्खी आईसुद्धा. या चाळिसांत सुमेर हा कुंभाराचा मुलगा. तो दर परीक्षेत शेवटून दुसरा. का, तर जो शेवटचा येणार त्याला वाचवायच्या खटपटीत त्याचा स्वतःचा पेपर राहून जातो. पंधरा भाग हेच चालतं. मी एकदा म्हटलं, “बाई, हा सुमेर सुधारत कसा नाही?” तर बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच सावलीची काळजी वाटायला लागली.

सिंधीपुऱ्यातून शाळेपर्यंत आम्ही दोघी बरोबर जायचो. म्हणजे मी चालायचे आणि बाई वाचायच्या. पुस्तक दोन्ही हातांत, नाकापुढे वीतभर, छत्री काखेत. त्या गल्लीत तांगे, केळीच्या घडांनी लादलेल्या बैलगाड्या, रस्त्यातच ताणून वाळत घातलेलं सूत, मोकाट गुरं, सगळं काही होतं. पण आम्ही बरोबर होतो त्या सात वर्षांत बाईंना साधी ठेच लागलेली मी पाहिली नाही. “सुमेर रस्ता दाखवतो,” असं त्या म्हणायच्या. खरी गोष्ट अशी होती की, ते जाडजूड पुस्तक लांबून दिसलं की गल्लीच आपलं अंग आवरून घ्यायची. तांगेवाला लगाम खेचायचा, सूतवाला काठी उचलून धरायचा आणि वळणावरचा मावा जिलेबीवाला हलवाई दुकानापुढचं लाकडी बाक आत ओढून ओरडायचा, “हटो भाई, किताबवाली बाई येऊन राहिली!” बाकावर गिऱ्हाईक बसलेलं असलं तर गिऱ्हाइकासकट ओढायचा. यातलं काहीही बाईंना ठाऊक नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नाही. माणसाचा सुमेरवरचा विश्वास आपण का म्हणून मोडावा?

पुस्तकात खूण ठेवायला त्यांना काहीही चालायचं. कडुलिंबाची डहाळी, केसातला आकडा, केळीच्या पानाची वाळकी पट्टी, एकदा तर भाजलेला पापड. पापडाची खूण दुसऱ्या दिवशी सापडली नाही, कारण वाचता वाचता त्यांनी ती खाल्ली होती. एकदा माझ्या अंगात खोडी शिरली आणि मी खुणेची डहाळी काढून वीस पानं मागे घातली. बाईंनी दुसऱ्या दिवशी तीच वीस पानं तितक्याच तल्लीनतेने वाचली, त्याच ठिकाणी डोळे पुसले आणि पुस्तक मिटून हळहळत मला म्हणाल्या, “पाह्य ना वं, त्यानं पुन्हा तीच चूक केली.” त्या दिवसापासून मी खुणेला हात लावला नाही.

शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही पाचजणी पाण्याच्या माठाजवळ डबे उघडून बसायचो आणि बाई मोठ्याने वाचायच्या. आधी हिंदी, मग तेच मराठीत. बाजारातली हिंदी आम्हा सगळ्यांना यायची, “केला कैसा दिया” म्हणायला कुणाच्या बापाची भीती नव्हती. पण ही हिंदी वेगळी होती. तीत कुणी जात नसे, ‘प्रस्थान’ करत असे. कुणी रागवत नसे, ‘नेत्रों से ज्वाला’ निघत असे. सुट्टी संपल्याची घंटा म्हणजे रुळाचा एक लोंबता तुकडा. तो वाजवण्याचं काम थोरल्या बाईंकडेच होतं आणि इथेच सगळा घोटाळा होता. सुमेर एकदा मंतरलेल्या विहिरीत उलटा लटकला. मी म्हटलं, “बाई, अडीच वाजले, घंटा?” बाई कडाडल्या, “अवं, पोरगा विहिरीत लटकून राहिला अन् तुले घंटेची पडली?” त्या दिवशी मधली सुट्टी चार वाजता संपली, तीही मुलींनीच कंटाळून येऊन विचारलं म्हणून.

मुली अर्थात खिडकीतून सगळं ऐकत होत्या. थोड्याच दिवसांत मैदानात सावली काढायचा खेळ सुरू झाला. धावण्यात जी शेवटची येईल तिच्या सावलीवर बाकीच्यांनी उड्या मारायच्या आणि दोन बोटांची कात्री करून ती कापून घ्यायची. बाईंच्या पहिलीच्या वर्गात कुसुम नावाची एक बारकीशी मुलगी होती, पायाने जरा अधू. ती रोजच शेवटची. एके दिवशी ती घरी गेली ती रडतच, आणि दुसऱ्या दिवशी तिची आई कमरेला पदर खोचून शाळेत हजर. “माह्या पोरीची सावली कोन्या पोरीनं नेली? आत्ताच्या आत्ता वापस करा,” म्हणाली. आम्ही चौघी तोंडाला पदर लावून कोपऱ्यात सरकलो. थोरल्या बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी कुसुमला उन्हात उभं केलं, स्वतः गुडघ्यांवर बसून खडूने तिच्या सावलीभोवती जमिनीवर रेघ ओढली, दोन वेण्यांसकट. मग म्हणाल्या, “ही घे तुझी. मोजून घे. हात, पाय, वेण्या. काही कमी आहे?” कुसुमने सगळं मोजलं आणि मान डोलावली. आईसुद्धा समाधानाने गेली. त्यानंतर बाईंनी मैदानात येऊन जाहीर केलं की आमच्या शाळेत कुणी शेवटचं नसतं, आणि वार्षिक निकालात पहिलीच्या बत्तीस मुलींच्या नावापुढे बत्तीस वेळा ‘पहिली’ असं लिहिलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी कपाळाला हात लावला. “बाई, सगळ्याच पहिल्या? दुसरी कुणीच नाही?” बाई शांतपणे म्हणाल्या, “विचारलं होतं मी, साहेब. दुसरी यायला कुणी तयारच नाही झालं.”

असं सगळं सुखात चाललं असताना राज्यांची फेरवाटणी झाली. नागपूर-वऱ्हाड मुंबईकडे गेलं आणि आमचं बऱ्हाणपूर होतं तिथेच राहून नव्या मध्य प्रदेशात गेलं. म्हणजे हललं कुणीच नाही. तापी तिथेच, बाजार तिथेच. फक्त नागपूरहून यायची ती सरकारी पत्रं भोपाळहून यायला लागली आणि त्यांतली मराठी हळूहळू पातळ होत गेली. एक दिवस हुकूम आला. मराठी शाळांत यापुढे हिंदीही शिकवायची आहे, सबब सर्व शिक्षिकांनी हिंदीची परीक्षा द्यावी. उत्तीर्ण होणाऱ्या राहतील, न होणाऱ्यांना मार्चअखेर मोकळं करण्यात येईल. ‘मोकळं’ हा शब्द चौथीच्या बाईंनी तीनदा वाचला. त्यांच्या घरी सहा तोंडं होती. माझी नजर गेली थोरल्या बाईंकडे. आम्हाला निदान मोकळं होऊन जायला घरं होती. या बाईंना शाळेतून काढलं तर त्या मोकळ्या होऊन जाणार कुठे?

बाई मात्र एकदम ताठ झाल्या. “घाबरून नका राहू,” म्हणाल्या, “सोळा भाग आहेत आपल्याजवळ.” आणि त्या दिवसापासून माठाजवळची आमची जागा म्हणजे धूम्रगड झाला. मधल्या सुट्टीत बाई पानं वाचायच्या, आम्ही पाठोपाठ म्हणायचो. सुमेर आचार्यांना विनवणी करतो ते पान अर्ज लिहायला शिकण्यासाठी. त्याच कादंबरीतला राजपुत्र रणजय सेनेला दटावतो ते पान आज्ञार्थासाठी. निबंधाला धूम्रगडाचं वर्णन. दुसरं पुस्तक आमच्याकडे नव्हतं, आणि असतं तरी बाईंनी उघडू दिलं नसतं. चार महिन्यांत आम्ही इतक्या तयार झालो की तिसरीच्या बाई घरी नवऱ्याला “भोजन प्रस्तुत है, स्वामी” म्हणाल्या आणि तो बिचारा दोन दिवस नीट जेवला नाही.

परीक्षेच्या दिवशी पाचही जणी एका तांग्यात बसून केंद्रावर गेलो. वाटेत मी बाईंना बजावलं, “बाई, आधी अर्ज, मग व्याकरण, मग उतारा आणि निबंध अगदी शेवटी. शपथ घ्या.” त्यांनी गळ्याला चिमूट लावून शपथ घेतली. पेपर हातात आला. अर्ज होता शाळेच्या छपराच्या दुरुस्तीचा, तहसीलदारांना. मला तर आनंदाचं भरतं आलं. छप्पर गळण्याचं दुःख आम्हाला कुणी सांगायला नको होतं आणि विनवणीचं पान तोंडपाठ होतं. मी लिहिलं: “हे प्रचंड-प्रतापी तहसीलदार महोदय! जिनकी भृकुटी के हिलते ही दसों दिशाएँ काँप उठती हैं, उनके श्रीचरणों में यह अभागिन अध्यापिका निवेदन करती है कि पाठशाला की छत से जलधारा बह रही है। यदि आगामी पूर्णिमा तक खपरैल न बदली गई, तो जो अनर्थ होगा उसका पाप आपके वंश पर पड़ेगा।” खाली सही केली आणि समाधानाने मान वर केली. समोर थोरल्या बाई खाली मान घालून झरझर लिहीत होत्या. पुरवण्यांवर पुरवण्या मागत होत्या. शेवटची घंटा झाली तरी लिहीत होत्या. मला वाटलं, बाई पहिल्या येणार.

पंधरा दिवसांनी आम्हा पाचही जणींना बोलावणं आलं. परीक्षक साहेब एका मोठ्या टेबलामागे बसले होते, पांढऱ्या मिशांचे, बोलायला हळू. त्यांच्यापुढे एका बाजूला चार पेपर आणि दुसऱ्या बाजूला एक गठ्ठा. ते म्हणाले, “आप चारों ने तहसीलदार को प्रचंड-प्रतापी लिखा है। चारों ने पूर्णिमा तक का समय दिया है। और चारों ने उनके वंश को शाप दिया है।” मग त्यांनी विचारलं, “अब बताइए, किसने किसकी नकल की?” हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्हाला वाटत होतं की शुद्ध हिंदी म्हणजे हीच, आणि तहसीलदारांना सगळा मुलूख असंच लिहितो. नकलेचा ठपका म्हणजे नुसतं नापास नव्हे, कायमचं घरी. चौथीच्या बाई पदराने डोळे टिपायला लागल्या. साहेबांना त्यांची दया आली असावी. त्यांनी सहज आवाज नरम करून विचारलं, “घबराइए मत। यहाँ तक कैसे आईं आप?” चौथीच्या बाईंनी हात जोडले, डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं, “हे महानुभाव, हम पाँचों एक ही अश्वरथ पर आरूढ़ होकर आई हैं।”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या मिशा हलत होत्या, पण ते हसताहेत की संतापलेत हे आम्हाला कळेना. तेवढ्यात थोरल्या बाई पुढे झाल्या. “साहेब, नकल किसी ने नहीं की,” त्या म्हणाल्या. “मैंने सिखाया। मुझे यही हिंदी आती है। दोष मेरा है, इन लड़कियों का नहीं। जो काटना है, मेरा काटिए।” हे शेवटचं वाक्य पंधराव्या भागातलं होतं. सुमेर ते आचार्यांपुढे म्हणतो. मी ते शंभरदा ऐकलं होतं आणि दर वेळी मनातून हसले होते. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही, रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

साहेबांनी चार पेपरांवर सह्या केल्या. “पास,” म्हणाले, “पर तहसीलदार को क्षमा कर दीजिएगा।” मग त्यांनी तो गठ्ठा जवळ ओढला. तो थोरल्या बाईंचा पेपर होता. निबंधाला तीन विषय होते, त्यांतला एक ‘मेरी प्रिय पुस्तक’. बाईंनी गळ्याला चिमूट लावून घेतलेली शपथ मोडली होती. पेपर उलटा धरून आधी निबंध घेतला होता आणि तीन तास निबंधच लिहिला होता. अर्ज नाही, व्याकरण नाही, उतारा नाही. धूम्रगडाचे पंधरा भाग, अकरा पुरवण्या. साहेब म्हणाले, “मैंने सब पढ़ा। दो बार पढ़ा। बीस में से उन्नीस दिए हैं। एक इसलिए काटा कि कहानी अधूरी है। वह कुम्हार का लड़का अंत में जीता या नहीं?” बाई म्हणाल्या, “मालूम नहीं।” साहेब म्हणाले, “क्यों, सोलहवाँ भाग नहीं मिला?” तेव्हा बाईंनी जे सांगितलं ते आम्हालाही नवं होतं. सोळावा भाग पंडिताइनने त्यांना कधीच देऊन टाकला होता, कायमचा. तो पाच वर्षं त्यांच्या पेटीत फडक्यात बांधून ठेवलेला होता. “पढ़ लेती, तो समाप्त हो जाता, साहेब,” बाई म्हणाल्या. साहेब म्हणाले की शंभरात एकोणीसवाल्याला पास करणं त्यांच्या हातात नाही, पण पुढच्या खेपेला पुन्हा बसता येईल, फक्त निबंध शेवटी लिहावा. बाईंनी विचार केला आणि प्रामाणिकपणे मान हलवली. “तोच विषय पुन्हा आला, साहेब, तर मी पुन्हा हेच करीन,” हे त्या चुकून मराठीतच बोलल्या.

परतताना तांग्यात आम्ही चौघी पास झालेल्या रडत होतो आणि नापास झालेल्या बाई प्रत्येकीच्या पाठीवर थापा मारत होत्या. “वीसपैकी एकोणीस! अन् दोनदा वाचलं म्हणे साहेबानं!” घोड्यालाही दोनदा सांगून झालं. मी पुढे निवृत्त होईपर्यंत ती नोकरी केली, हेडमास्तरीण झाले, पेन्शन खाते आहे, पण ते पास होणं मला कधी माझं वाटलं नाही. ते बाईंचं होतं. त्यांनी चौघींचे पेपर सोडवले आणि स्वतःचा राहून गेला.

मार्चचा शेवटचा दिवस आला. बाई धूळकोटला भावाकडे जाणार होत्या, केळी-कपाशीची शेती होती त्याची. तिथून चांदनीची पॅसेंजर काही जमण्यासारखी नव्हती, म्हणून आदल्या रविवारीच त्या पंधरावा भाग पंडिताइनला परत करून आल्या होत्या. शाळा सुटली तेव्हा ऊन उतरलेलं होतं. आम्ही हार घातला, नारळ दिला, भाषण मात्र कुणालाच जमेना. बाईंच्या हाताखालून गेलेल्या मुली रांगेत न राहता बाईंच्या पायाशी घोटाळत होत्या आणि खाली बघत होत्या. शेवटी कुसुम लंगडत पुढे आली आणि तिने रडव्या आवाजात विचारलं, “बाई, तुमी परीक्षेत शेवटच्या आल्या ना? मंग तुमची सावली नेली का त्यायनं?” या प्रश्नाला सुमेरचं कुठलंच पान बाईंना सापडलं नसावं. कुसुमने त्यांचा हात धरला, त्यांना मैदानात उन्हात नेऊन उभं केलं आणि मुठीतला खडू काढून, गुडघ्यांवर बसून बाईंच्या सावलीभोवती रेघ ओढायला सुरुवात केली. उतरतं ऊन, सावली लांबच लांब पडलेली. कमरेपर्यंत आली तेव्हा कुसुमचा खडू संपला. दुसरीने दिला, तोही संपला. मग सगळ्याच मुली आपापले तुकडे घेऊन बसल्या आणि रेघ फाटकाजवळ बाईंच्या अंबाड्यापर्यंत नेऊन पोचवली. चष्म्याचा दोरासुद्धा काढला. कुसुम हात झाडत उठली आणि म्हणाली, “ही घ्या तुमची. मोजून घ्या. काही कमी हाये का?”

बाईंनी खरोखरच मोजली. हात, पाय, अंबाडा. “नाही,” म्हणाल्या, “काही कमी नाही.”

सिंधीपुऱ्याकडे आम्ही दोघी नेहमीसारख्या निघालो. बाईंच्या हातांत नारळ होता, पुस्तक नव्हतं, आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्या समोर बघून चालत होत्या. घरं बघत होत्या, सज्जे बघत होत्या, जणू कुठल्या परगावात आल्या आहेत. तांगेवाल्याने लगाम खेचला नाही. सूतवाल्याने काठी उचलली नाही, आम्हालाच वाकून जावं लागलं. आणि वळणावर हलवायाचं बाक होतं तिथेच रस्त्यात होतं. मी “बाई!” म्हणेपर्यंत त्या जाऊन त्यावर आदळल्या आणि नारळ घरंगळत गटाराशी गेला. हलवाई वैतागून बाहेर आला, नीट बघितल्यावर त्याने जीभ चावली. “अरे बाई, तुमी? वळखलंच नाही मी. आज किताब कुठं हाये?”

बाई बाकावर बसून पायाचा अंगठा चोळत होत्या. डोळ्यांत पाणी होतं, पण ते अंगठ्याचं असावं असं आम्ही तिघांनीही धरून चाललो.

“आज रस्ता बघून चालली ना मी,” त्या म्हणाल्या, “म्हणून ठेच लागली.”